दातकाकांनी ओळखलेली देवी

दातकाका माणसांचे चेहरे लक्षात ठेवत नसत, दात ठेवत. अकोल्याच्या बाजारात कुणी नमस्कार केला की ते कोऱ्या चेहऱ्याने बघत राहायचे. समोरचा ओशाळून हसला की मात्र क्षणात ओळख पटायची. "हां! खालची डावी दाढ! कशी हाये आता?" माझ्या लग्नात स्टेजवर चढून त्यांनी आशीर्वाद द्यायच्या आधी नवरदेवाला सांगितलं, "हास बरं जरा." अमरावतीहून आलेली सगळी पाहुणेमंडळी बघत असताना नवरा बिचारा हसला. काकांनी मान डोलावली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या वडिलांना म्हणाले, "गुरुजी, पोरगा पक्का हाये. अक्कलदाढ तेवढी तिरपी हाये." पुढे ती दाढ काढायला नवऱ्याला अकोल्यालाच जावं लागलं, आणि सासरी माझ्या माहेराचं वजन त्या एका दाढेने बरंच वाढवलं.

रामदासपेठेत आमच्या घरासमोर त्यांचं घर आणि घराच्याच पुढच्या खोलीत दवाखाना. पाटीवर पूर्ण नाव होतं, नावापुढे पदवी होती, पण गल्लीतल्या पोरांनी एकदा दातकाका म्हटलं ते कायमचं चिकटलं. मुंबईत राहून शिकून आले होते, इंग्रजी मासिकं मागवून वाचायचे, पण तोंडी भाषा अस्सल वऱ्हाडी. एकदा पुण्याच्या एका पाहुणीने त्यांच्या खुर्चीत बसल्याबसल्या विचारलं, "डॉक्टर, तुम्ही एवढे शिकलेले, मग असं का बोलता?" काका म्हणाले, "बाई, दाढ ठणकते तवा तुमी कोन्त्या भाषेत वरडता? त्याच भाषेत मी इलाज करतो. आ करा." आणि पुढचं संभाषणच बंद केलं.

नाण्यांचं वेड कधी लागलं ते त्यांनाही सांगता येत नसे. बाळापूर, पातूर, मूर्तिजापूरकडचे पेशंट यायचे. कुणाच्या वावरात काही सापडलेलं असायचं, कुणाच्या आजीच्या बटव्यात. दात दाखवून झाला की हळूच कनवटीचं नाणं बाहेर निघायचं. काका ते चिमट्याने कडेला धरत, दात बघायच्या छोट्या आरशात त्याची पाठ बघत आणि टॉर्चचा उजेड तिरपा मारत. कवळीसाठी हिरड्यांचं माप घ्यायचा जो गुलाबी लगदा असतो, त्यातच नाण्याचा ठसा घेऊन वर प्लास्टर ओतायचे. नाणं तिथल्या तिथे परत. "खरं ज्याचं त्याच्यापाशी, माह्यापाशी ठसा," असं म्हणायचे. दवाखान्याच्या फळीवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांच्या साच्यांमध्ये हे प्लास्टरचे सुलतान आणि नवाब बसलेले असायचे. नवा पेशंट ते बघून बिचकायचा आणि आपले दात काढून इथे ठेवतील की काय असं काकूंना विचारायचा. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. दवाखान्याचं आणि काकांचं, दोन्हीचं वेळापत्रक त्यांच्याच हातात होतं.

खोटं बोलणं काकांना जमत नसे, आणि गोड बोलणं त्याहून नसे. एकदा एक गृहस्थ गाडी घेऊन आले. त्यांच्याजवळ रामदरबाराचं चित्र असलेलं एक नाणं होतं. ते नाणं तांदळाचे दाणे ओढून घेतं, म्हणून लाखमोलाचं आहे, अशी त्यांना कुणीतरी ठाम खात्री दिली होती. काकांनी आरशात बघायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. आत जाऊन ताटलीभर तांदूळ घेऊन आले, नाणं त्यावर ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसले. "आता आपन दोघं वाट पाहू." पेशंट खोळंबले. दाणा काही हलला नाही. शेवटी काकांनी ताटली काकूंकडे पाठवली, त्या तांदळाची खिचडी झाली आणि ती त्या गृहस्थांना आग्रह करकरून वाढली. "नाणं परवाचं हाये, साहेब. तांदूळ मातर जुना हाये. पोटभर जेवा." गृहस्थ रागावून गेले असतील असं आम्हाला वाटलं होतं. पुढच्या महिन्यात ते दात साफ करून घ्यायला आले.

त्यांची खरी हुशारी झीज वाचण्यात होती. समोरच्या दाताला बारीकशी खाच दिसली की विचारायचे, "तुमी शिंपी का?" आणि माणूस शिंपीच निघायचा, दाताने दोरा तोडून तोडून ती खाच पडलेली असायची. कुणाचे दात चावून झिजलेत, कुणाचे राखुंडीने घासून आणि कुणाचे झोपेत रागाने खाऊन, ते त्यांना बघताक्षणी कळे. "झीज कोनाची भीड ठेवत नाही," म्हणायचे. नाण्यालाही ते हाच नियम लावत. वरचं चित्र काय आहे ते कुणीही सांगेल, पण नाणं कुठून झिजलंय त्यावरून ते कुणाच्या हातात कसं राहिलं ते कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला लहानपणी हे सगळं ऐकून जांभया यायच्या. त्या जांभईतही ते डोकावून बघत.

आता माझ्या सासूबाईंकडे वळायला हवं, कारण काकांचं मोठेपण मला पुरतं कळलं ते त्यांच्यामुळे.

आमचं सासरचं घर अमरावतीत परकोटाच्या आत, अंबागेटाजवळ. मूळ कुटुंब मोर्शीकडचं, संत्र्याच्या बागा असलेलं. दोन भावांची वाटणी झाली तेव्हा थोरली पाती मोर्शीला राहिली. बागा, घर आणि देव्हाऱ्यातले चांदीचे टाक तिकडेच राहिले. टाक म्हणजे कुळाच्या देवदेवतांचे उमटवलेले पत्रे, ते वाटणीत थोरल्याकडे जातात हा रिवाजच आहे. धाकटे, म्हणजे माझे सासरे, नोकरीसाठी अमरावतीला निघाले तेव्हा त्यांच्या आईने धाकट्या सुनेच्या हातात एक टाक ठेवला. बाकीचे चांदीचे, हा एकटा काळपट तांबूस, जाड आणि गोल. वर मुकुट घातलेल्या देवीचं तोंड. "हे घेऊन जा. आपल्या घरातली सगळ्यात जुनी हाये," एवढंच त्या म्हणाल्या.

माझ्या सासूबाईंना आई नव्हती. त्या अगदी लहान असतानाच ती गेली. लग्न होऊन आल्यावर स्वयंपाक, सणवार, बाळंतपण, सगळं त्यांना सासूने शिकवलं, आणि त्या सासूला आईच म्हणत. त्यामुळे तो टाक त्यांच्यासाठी फक्त देव नव्हता. रोज अंघोळ झाली की देवीच्या कपाळाला कुंकू लावून मगच त्या चहाला हात लावायच्या. सासरे गेले, मुलं मोठी झाली, मी सून म्हणून आले, तरी यात खंड पडला नाही.

खंड पडला तो भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. मोर्शीहून सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. आम्ही त्यांना मोठ्याबाई म्हणतो. बरोबर त्यांचा पुण्यात नोकरी करणारा नातू होता. त्याने देव्हाऱ्याचे फोटो काढले आणि पंगतीत बसल्याबसल्या मोबाइलवर काहीतरी शोधून जाहीर केलं, "आजी, हा टाक नाहीच आहे. हे जुनं परदेशी नाणं आहे, रोमन वगैरे." पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मोठ्याबाईंना धागा सापडला. सासऱ्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात फौजेबरोबर बसऱ्याकडे गेले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आंबिलीचा भुरका मारून मोठ्याबाई हसत म्हणाल्या, "म्हंजे बुढ्यानं आनलेला बसऱ्याचा पैसा होय तो! खरे टाक सासूनं आमच्यापाशी ठेवले, अन् तुले पैसा देऊन वाटेले लावलं!"

सगळे हसले. सासूबाईही हसल्या आणि मोठ्याबाईंच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. मी मात्र त्यांच्या हाताकडे बघत होते. तुपाची वाटी कलंडली होती आणि त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यात टाक नव्हता. मला तो शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये सापडला. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "राहू दे तिथंच. पैशाले काय कुकू लावाचं?" मग काही दिवसांनी, नवरात्र जवळ आलं तेव्हा, "औंदा घट बसवत नाही मी," म्हणाल्या. अंबागेटाजवळ राहायचं, सगळं गाव अंबादेवी-एकवीरेला लोटलेलं बघायचं आणि आपल्या घरात घट नाही, हे मला कसंसंच वाटलं. त्यांचं दुःख देवी गेल्याचं नव्हतं, हे मला एव्हाना कळलं होतं. सासूने, जिला आई म्हटलं तिने, आपल्याला धाकटी म्हणून काहीतरी देऊन भुलवलं, हे त्यांच्या मनाला डाचत होतं. आणि ज्यांना विचारावं त्या कधीच्याच गेलेल्या.

"आमच्या दातकाकांना दाखवू का?" मी विचारलं. त्यांनी शिवणाचा डबा उघडून टाक माझ्या हातात ठेवला. मग म्हणाल्या, "दाखव. पन त्यायले म्हन, खरं असन ते सांगा. माह्या मनाले बरं वाटावं म्हनून काही सांगू नोका." मला मनातल्या मनात हसूही आलं आणि धडकीही भरली. बरं वाटावं म्हणून काही सांगण्याची कला काकांना येत असती, तर अकोल्यातले निम्मे लोक त्यांच्यावर रुसले नसते.

शनिवारी मी अकोल्याला गेले. काकांनी नाणं चिमट्यात धरलं आणि टॉर्च लावायच्याही आधी ओरडले, "चिंच! चिंचेनं घासलं हे? कोनं?" देवांची भांडी सणासुदीला चिंचेनेच घासतात, मी म्हटलं. काका डोक्याला हात लावून बसले. "मातीनं इतकी शतकं सांभाळलं, वरून कसा हिरवा लेप चढला असन, अन् तुमी बायांनी त्याची चटनी केली!" मग भिंग लावलं आणि नाणं टॉर्चखाली फिरवत राहिले. कडेच्या अक्षरांच्या खाचांमध्ये वर्षानुवर्षांचं कुंकू बसून घट्ट झालं होतं. अक्षरं लाल उठून दिसत होती. "घ्या! चिंचेनं घालवलं ते कुकवानं राखलं. ग्रीक अक्षरं हायेत, पोरी." छाती फुगवून त्यांनी निकाल दिला, "इंडो-ग्रीक. आपल्याच देशातलं. वायव्येकडचं. टाक काय अन् बसरा काय, दोन्ही खोटं." ठसा घेण्यासाठी नाणं त्यांनी ठेवून घेतलं. मी खूश होऊन परत आले, पण सासूबाईंना काही सांगितलं नाही, आणि ते बरंच झालं.

चार दिवसांनी काकांचा फोन आला. "मी चुकलो, ऐक," अशी सुरुवात. चुकलो हे ते जितक्या उत्साहाने सांगत तितक्या उत्साहाने मी कुणाला लॉटरी लागल्याचंही सांगताना पाहिलेलं नाही. आपण कोणाला, केव्हा आणि किती चुकीचं सांगितलं, हे ते रंगवून रंगवून सांगायचे. इंडो-ग्रीक असतं तर दुसऱ्या बाजूला आपल्याकडची खरोष्ठी लिपी असायला हवी होती, तिथे तर एका बादशहाचं घासलेलं डोकं होतं आणि त्याभोवतीही ग्रीकच. "अन् मी तिच्या डोक्याकडे नीट पाह्यलंच नाही. अक्षरं वाचत बसलो. कुकू लागलं म्हनून अक्षरंच दिसली मले!" पुढचं काही सांगेनात. "मी येतो अमरावतीले. तुह्या सासूले मी सोता सांगतो. हे फोनवर सांगाची गोष्ट नाही."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी काका बसने आले. पांढरा शर्ट, खांद्याला शबनम, पायात धुळीने माखलेले बूट. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, पाट मांडला, चहा दिला आणि समोर भिंतीला टेकून बसल्या. काकांनी चहा बशीत ओतून संपवला.

"विहीनबाई, पह्यले वाईट सांगतो. हा टाक नाही. नाणं हाये. रोमच्या राज्यातलं, पन रोममंधलं नाही. त्यायच्या मुलखात दूर कोन्या एका गावानं आपल्या बाजारासाठी पाडलं. एडेसा म्हनत त्या गावाले. आता तुर्कस्तानात हाये. तुमच्या आजेसासऱ्यानंच आनलं असन, तिकडल्या बाजारातून."

सासूबाईंनी मान हलवली. "म्हंजे मोठ्याबाई खरं बोलल्या."

"नाण्याचं खरं बोलल्या. त्याच्यावरच्या बाईचं नाही." काकांनी शबनममधून प्लास्टरचा ठसा काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. "डोक्यावर पाहा. मुकुट दिसते ना? मुकुट नोहे तो. भिंत हाये, हे पाहा बुरूज. गावाचा परकोट हाये, तुमच्या या अंबागेटासारखा. हे त्या गावाची देवी हाये, विहीनबाई. गाव सांभाळते म्हनून गावाचा कोट तिनं डोक्यावर घेतला. देवी म्हनूनच पाडली होती तिले, तुमी देवी म्हनूनच पुजली. यात तुमची काही चूक झाली नाही."

सासूबाईंनी ठसा हातात घेतला. बुरुजांवरून अंगठा फिरवला. पण चेहरा सैल झाला नाही. शेवटी ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते त्यांच्या तोंडून निघालं. "डाक्टर, माह्या सासूले ठाऊक होतं का? पैसा हाये म्हनून? मले भुलवाले देलं का तिनं?"

मी काकांकडे बघितलं. गेलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते कोण सांगणार? 'नाही हो, असं कसं होईल,' एवढं कुणीही म्हणालं असतं. काका तसं म्हणाले नाहीत. त्यांनी शबनममधून टॉर्च काढला, खिडकीचा पडदा ओढायला मला सांगितलं आणि ठशावर उजेड तिरपा मारला.

"हे तुमीच पाहा. मी सांगून नाही राहिलो, झीज सांगून राहिली. बाजारात फिरलेलं नाणं सगळीकडून सारखं झिजते. नाक जाते, गाल जाते, कड जाते. हिचं नाक पाहा, हाये ना? गाल हायेत, कडसुदिक हाये. अन् कपाळ?"

कपाळावर एक खळगा होता. उजेडात त्याची सावली स्पष्ट पडली होती. करंगळीशेजारच्या बोटाचं टोक बरोबर बसेल एवढा.

"हे बाजाराचं काम नोहे. कुकू लावनाऱ्या बोटाचं हाये," काका म्हणाले.

"मी लावते ना रोज," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्या एकटीच्या बोटानं एवढं होत नाही. हे चांदी नोहे, कडक धातू हाये. मी जलमभर झीजच पाहून राहिलो. तुमच्या पह्यले तुमच्या सासूचं बोट हाये इथं, अन् तिच्या पह्यले तिच्या सासूचं. तिनं तुमाले टाकलेला पैसा नाही देला, विहीनबाई. रोज जिले हात जोडले, थेच उचलून देली. चांदीचे टाक रिवाजानं थोरल्याकडे गेले. हे तिच्या मनानं तुमच्याकडे आली."

सासूबाईंनी आपलं बोट त्या प्लास्टरच्या खळग्यात ठेवलं आणि काढलंच नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मीही रडले. काका अस्वस्थ होऊन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, कारण रडणाऱ्या माणसाचे दात दिसत नाहीत आणि मग त्यांना काय करावं ते सुचत नसे.

जरा वेळाने त्यांनी खिशातून नाणं काढलं. ते कवळीच्या निळ्या प्लास्टिकच्या डबीत होतं. सासूबाई डबीकडे बघतच राहिल्या. "कवळीच्या डबीत आनलं देवीले?"

"नवी डबी हाये. धुतली हाये," काका घाईघाईने म्हणाले, आणि सासूबाई महालक्ष्म्यांनंतर पहिल्यांदा मोकळं हसल्या. मग त्यांनी नाण्याच्या पाठीवरचा हा कोण, असं विचारलं. "बादशा हाये कोनी. इतकी वर्सं तुमच्या ताम्हनात पालथा पडून हाये, नाव वाचाले नाक-तोंड राह्यलं नाही त्याचं. राहू द्या तसाच."

घट बसला. अष्टमीला मोठ्याबाई मोर्शीहून आल्या. सासूबाईंनी त्यांना एका शब्दाने काही ऐकवलं नाही. माझी जीभ मात्र शिवशिवत होती, म्हणून मी त्यांना टॉर्च लावून सगळं साग्रसंगीत दाखवलं. त्यांनी वाकून नमस्कार केला, कुंकू लावलं आणि उठताना जावेच्या खांद्याचा आधार घेतला. पुढच्या आठवड्यात मोर्शीहून संत्र्यांची पेटी आली. काकांकडून टपालाने एक तान्ह्या बाळाचा दात घासायचा मऊ ब्रश आला, सोबत निरोप, चिंच बंद. तेव्हापासून आमच्या देव्हाऱ्यात उदबत्तीच्या घराशेजारी तो ब्रश असतो आणि नवा पाहुणा हमखास विचारतो.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. दुपारी पेशंट आटोपून जेवले, आडवे झाले आणि उठले नाहीत. बातमी कळली तेव्हा मी बँकेत कामावर होते. मला रडू आवरेना म्हणून मॅनेजरनेच घरी पाठवलं. घरी आले तर सासूबाई बाहेर जायची साडी नेसून तयार बसलेल्या. गुडघे धरल्यापासून त्या अंबागेटापलीकडेही क्वचितच जात. मी नको नको म्हणाले, तरी अकोल्यापर्यंत आल्या, दवाखान्याच्या दोन पायऱ्या माझा हात धरून चढल्या आणि आत काकूंजवळ जमिनीवर जाऊन बसल्या.

दोघींची तशी ओळख लग्नातली, तेवढीच. काकूंना त्या कोण ते चटकन आठवेना. सासूबाईंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मी अमरावतीची," त्या म्हणाल्या. "तुमच्या मानसानं माही सासू मले वापस देली."